मुकुटाचं माप

ताडकळस
८ जुलै २०२४

मंजूताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तुम्ही ते उघडलं असेल, तर आधी त्याबद्दल आभार. फोन तुम्ही घेत नाही, ह्यांचाही घेत नाही, मेसेज तर पोचतच नाहीत. ह्यांनी हात टेकले. म्हणाले, "राहू दे हेमा, तिचा राग तिच्या वेळेनं उतरेल." मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आणि ज्या घरातल्या माणसाची सगळी नोकरी पोस्टात गेली, त्या घरातून पत्र जायला हरकत नसावी.

भांडणाचं काही लिहीत नाही. आई गेल्यावर दोन वर्षांनी अण्णांनी लग्न केलं. परभणीच्या त्या ज्येष्ठांच्या वधू-वर मेळाव्याला त्यांना आम्ही दोघांनीच नेलं होतं. तुम्हाला ते रजिस्टर लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं आणि "माझं माहेर आईबरोबर गेलं" असं तुम्ही म्हणालात. मी इथलं काय चाललंय तेवढं कळवते. वाचा, नाहीतर ठेवून द्या.

त्यांचं नाव राजेश्री. चुडाव्याच्या. मालक लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मूलबाळ नाही. नंतरची सगळी वर्षं त्यांनी अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळली. आल्या त्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला काय म्हणू? म्हणाल्या, "मावशी म्हन, काकू म्हन, जीभ वळंल ते म्हन. आई तेवढं म्हनू नको. ती जागा भरलेली हाय." तेव्हापासून मी मावशी म्हणते.

मागचं अंगण तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा तिथं तुटक्या खुर्च्या, टायर आणि ह्यांच्या दुकानाचे खोके होते. मावशींनी आल्या आल्या कुणाला काही न विचारता ते उचललं असतं तर मला राग आला असता, खरं सांगते. पण त्यांनी आधी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "ताईंची बसायची जागा कुठली?" ताई म्हणजे आई. मी तुळशीच्या मागची फरशी दाखवली, जिथं आई दुपारी निवडणं घेऊन बसायच्या. मावशींनी तिथं चार विटा लावून खूण केली आणि बाकीच्या अंगणात खणायला घेतलं. त्या फरशीजवळ त्यांनी एक रोप लावलेलं नाही.

चुडाव्याहून येताना त्यांच्याबरोबर एक ट्रंक आणि टेम्पोभर कुंड्या आल्या. मोगऱ्याची आळी झाली, तेरडा पेरला, कुंपणाला गोकर्ण सोडली. झेंडूचं बी विकत आणलं नाही. गेल्या दसऱ्याचं सुकलेलं तोरण त्यांनी जपून ठेवलं होतं. ते ईश्वरीच्या ओंजळीत दिलं आणि म्हणाल्या, "चुरगळ." तुमची भाची आता सात वर्षांची आहे, पण मातीला हात लावायची नाही, नखं खराब होतात म्हणायची. तिनं ते चुरगळलं तर हातात काळ्या काड्यांसारखं बी. "आजी, हे मेलेलं फूल आहे ना?" तर म्हणाल्या, "मेलेलं न्हाई बाळा, निजलेलं. ह्याच्यात पुढचा दसरा हाय."

ईश्वरी रोज सकाळी उठून बघते, दसरा उगवला का म्हणून.

अण्णांनी पाकिटावर नजर टाकली.  तुमच्या अकोल्याच्या पत्त्याचा पिनकोड मी चुकवला होता, तो तेवढा दुरुस्त करून दिला.

तुमची
हेमावहिनी

*

ताडकळस
१३ सप्टेंबर २०२४

मंजूताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावते.

काल लक्ष्म्या उठल्या. आईंनंतरचं हे तिसरं वर्ष, पण घरात गजबज होती ती यंदाच. लक्ष्म्यांचे मुखवटे आईंच्याच पेटीतले, साड्याही त्यांनीच घेतलेल्या, मोरपंखी आणि डाळिंबी. हे आधीच लिहिते, कारण तुमच्या मनात तोच प्रश्न असणार.

फुलांची सगळी तयारी मावशींनी आणि ईश्वरीनं केली. लक्ष्म्या बसायच्या आदल्या दुपारी गल्लीतल्या पोरी अंगणात जमल्या होत्या. तेरड्याच्या पाकळ्या चुरून बोटांना लावल्या आणि वरून पानं बांधली. संध्याकाळी सोडलं तर प्रत्येकीची नखं लालकेशरी. मेंदी नको की नेलपॉलिश नको. मग मावशींनी तेरड्याच्या पिकल्या शेंगा प्रत्येकीच्या हातावर ठेवल्या. बोट लावलं की फट्‌कन फुटते आणि बी उडतं. पोरी दचकायच्या आणि हसायच्या. मी पस्तिशीतली बाई, मीही चार शेंगा फोडल्या. तेरडा लक्ष्म्यांना का लागतो, असं एकीनं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "त्यो बी पाव्हनाच. थोड्या दिसाचा येतो, रंगून जातो, जाताना बी टाकून जातो. लेकी माहेराला येत्यात तसं."

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं नाही. त्या बोलल्या ते लिहिलं.

आता जे झालं ते सांगते. लक्ष्म्या बसवताना मावशींनी ओवलेल्या वेण्या मी ताटात घेतल्या आणि म्हटलं, मावशी, तुम्हीच घाला. समोरच्या गीताबाई बसल्या होत्या. त्यांनी हलकेच माझा हात धरला. म्हणाल्या, "हेमा, राग मानू नको, पन लक्ष्मीला पहिलेपनाची सवाष्ण लागती. दुसऱ्या लग्नाची चालत न्हाई." सगळ्या बायका एकदम आपापल्या पदराकडे बघायला लागल्या.  मी काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. हेमाचाच मान हाय." आणि उठून कढईतल्या पुरणाकडे गेल्या.

दुपारी भांडी घासताना मी धुसफुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघ, लक्ष्म्या तीन दिवसाच्या पाव्हन्या. त्यांच्या म्होरं घरात भांडन नको. गीताबाई वाईट न्हाई. माझ्या पाठदुखीला काल शेकायची पिशवी तिनंच दिली."

ताई, मी अशी माणसं बघितलेली नाहीत. मी असते तर ती पिशवी परत केली असती.

त्यांच्याबद्दल आणखी एक मला दिसलं ते लिहू की नको, असं झालंय. इतकी फुलं त्यांच्या हाताखालून जातात, पण त्या स्वतः एकही माळत नाहीत. आता तर कुणाची आडकाठी नाही. मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "सवय गेली गं. हातानं केलं लय वर्षं, डोकं इसरून गेलं." मी पुन्हा विचारलं नाही.

हेमा

*

ताडकळस
१४ ऑक्टोबर २०२४

मंजूताई,

उगवला बरं का दसरा. ईश्वरीनं चुरगळलेल्या त्या तोरणातून इतका झेंडू आला की कुंपणाबाहेर ओथंबला.

मावशींनी काय करावं? सगळ्या गल्लीला निरोप दिला की दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी माणसं घेऊन या, सुई-दोरा तुमचा, फुलं आमची. मला वाटलं, बायका आणि पोरं येतील. तर बाप्येही आले. किराणावाला बन्सीधर आला, त्याचा कॉलेजातला पुतण्या आदिनाथ आला. आदिनाथ आधी फोन घेऊन भिंतीला टेकून उभा होता. मावशींनी त्याच्यापुढं आंब्याच्या डहाळ्या टाकल्या. "पानं निवड. सारख्या आकाराची. तुझी नजर चांगली हाय." पोरगं बसलं ते दिवेलागणीलाच उठलं.

आंब्याचं पान घडी घालून कसं टाचायचं, झेंडूचं देठ किती ठेवायचं, पिवळ्यानंतर केशरी का, हे सगळं त्या बोलता बोलता सांगत होत्या. "झेंडू देवाला चालतो, पन त्याचं खरं काम दारावर. आल्या-गेल्याला आधी त्योच दिसतो. वास उग्र, म्हनून किडा-मुंगी लांब ऱ्हाती. घरातला थोरला भाऊ असावा तसा हाय." ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या आणि सगळे हसले. तुमचा भाऊ लाजला, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

गीताबाईही आल्या होत्या. मावशींच्या शेजारीच बसल्या आणि त्यांच्या सुईत दोरा ओवून देत होत्या. मावशींना चष्म्यातून सुईचं नेढं दिसत नाही.

आता अण्णांचं. तुम्ही त्यांना आईंच्या वर्षश्राद्धाला पाहिलं होतं, त्यानंतर नाही. त्या दिवसांत ते जेवायचे कसे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लांब होतात आणि उगाच जिवाला घोर लागला असता. ताट वाढून ठेवलं तर स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन घास खायचे आणि जायचे. पुढचं दार दिवसभर लावलेलं. "कोण यायचंय?" म्हणायचे. आम्ही त्यांना त्या मेळाव्याला नेलं ते त्या दारामुळं.

परवा ते दार दिवसभर सताड उघडं होतं. अण्णा ओट्यावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाकिटं करत होते, बियांसाठी. पोस्टात पाकिटांच्या घड्या बघून बघून हात बसलेला, एकही कड वाकडी नाही. प्रत्येक पाकिटावर त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात 'तेरडा', 'गोकर्ण', 'झेंडू, पिवळा' असं लिहिलेलं. पोरं रांगेत उभी. अण्णा प्रत्येकाला विचारतात, "नाव? गाव?" आणि शिक्का मारल्यासारखी मूठ आपटतात. मधेच जेवायची हाक आली तर म्हणाले, "राजेश्री, दोन मिनिटं थांब, खिडकी बंद करून येतो."

खूप दिवसांनी त्यांना हसताना ऐकलं आणि मला आईंची आठवण आली. दोन्ही एकदम. तुम्हाला ते चालेल की नाही, माहीत नाही.

सोबत दोन पाकिटं आहेत. अक्षर तुमच्या ओळखीचं आहे.

हेमा

*

ताडकळस
१६ मार्च २०२५

मंजूताई,

बातमी मुकुलरावांनी ह्यांना दिली, धुळवडीच्या दिवशी. सहावा महिना लागला म्हणे. तुम्ही नाही कळवलंत याचं वाईट वाटलं, पण थोडाच वेळ. इतक्या वर्षांनी झालं, तेव्हा काही दिवस मुठीत झाकून ठेवावंसं वाटणारच. तब्येतीला जपा.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे केशरी झालेलो. चुडाव्याच्या वाटेवरून आदल्या दिवशी पळसाची फुलं गोळा करून आणली होती, पोत्यानं. मावशींनी ती हंड्यात उकळून रात्रभर ठेवली. त्या पाण्यानं ह्यांनी अण्णांना रंगवलं, अण्णांनी ईश्वरीला, ईश्वरीनं कुत्र्याला. आणि त्या गोंधळात हे ओट्यावर उभे राहून फोनवर नुसतं "हो का... हो का" करत होते. फोन ठेवला आणि अण्णांना सांगितलं. अण्णा खाली बसले. ओल्या धोतरानं तसेच. मावशी हंड्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी हातातला तांब्या ठेवला आणि देवघरात जाऊन साखर आणली, सगळ्यांच्या हातावर ठेवली. स्वतःच्या जिभेवरही ठेवली.

मुकुलराव आणखी एक बोलून गेले. तुमच्या गॅलरीत झेंडू लागलाय. तुम्ही काही म्हणाला नव्हतात.

एप्रिलमध्ये डोहाळजेवण आहे, त्याला फक्त भाऊंनी यावं, साडी-ओटी काही आणू नये, असा तुमचा निरोप आहे तोही कळला. तसंच करू. मी येणार नाही, अण्णा येणार नाहीत. पण ह्यांना रिकाम्या हातानं पाठवणार नाही, एवढं ऐकून घ्या. फुलांची वाडी पाठवते. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. फुलांना तुमचा नकार नसावा, कारण दुसऱ्या दिवशी ती उरत नाहीत.

यात मावशींचा हात असणार, असं तुमच्या मनात येईल, म्हणून मोकळेपणानं सांगते. मोगरा त्यांचा आहे. हिवाळ्यात त्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं, पानं खुडली होती. बातमी आली त्याच दिवशी संध्याकाळी आळ्यात शेणखत घालून पाणी सोडलं. म्हणाल्या, "एप्रिलला कळी धरंल. गच्च धरंल." पण ओवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

मी म्हटलं, मावशी, चुडाव्यात निम्म्या गावाच्या लेकींच्या वाड्या तुम्ही केल्यात ना?

"फुलं दिली. ओवलं दुसऱ्यांनी. मी मुकुट केले ते अंगनवाडीच्या लेकरांना. वाडी लेकुरवाळीच्या हातची लागती, पहिलेपनाची. मला दोन्ही न्हाई."

"हे कोण बघायला बसलंय?"

"मंजू बसलीय ना. उद्या काय कमी-जास्त झालं, तर तिच्या मनात एक काटा ऱ्हाईल. दोन जिवाच्या बाईच्या मनात काटा ठेवू नये. तू ओव. मी सांगते."

"मी ओवून काय होणार? माझं बघितलंय ना तुम्ही? आणि तुम्ही केलं अन् माझं नाव सांगितलं तर?"

त्या म्हणाल्या, "तिला फसवायचं? तिच्याच कार्यात?"

मी सुई-दोरा घेऊन त्यांच्यासमोर बसले.

तर आता रोज दुपारी शाळेत शिकवून आल्यावर माझीच शिकवणी असते. गुलछडीवर हात बसवतेय. मुकुटाचा सांगाडा ज्वारीच्या धाटाचा करायचा, पोरं धाटाच्या बैलगाड्या करतात ना, तसाच. हलका असतो, डोकं दुखत नाही. मला हार जमतो, बाजूबंद बरा होतो. मुकुट जमत नाही. दोरा ओढला की धाट पिचतं, सैल सोडला की फुलं लोंबतात. मावशी समोर बसतात आणि तोंडानं सांगतात. हात मांडीवर. त्यांची बोटं कधी कधी आपोआप हलतात, मग त्या एका हातानं दुसरा धरून ठेवतात.

हेमा

*

ताडकळस
२२ एप्रिल २०२५

मंजूताई,

डोहाळजेवण छान झालं म्हणून हे सांगत आले. पुरणपोळी, आंब्याची डाळ, झोपाळा, सगळं ऐकलं. आता मी तुम्हाला इकडचं सांगते. तुम्ही शनिवारी संध्याकाळी फोन ठेवलात, त्यानंतर इथं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. ह्यांना सांगता येत नाही आणि अण्णा सांगणार नाहीत.

दुपारी उन्हं कलल्यावर कळ्या खुडल्या. मावशींनी म्हटल्याप्रमाणे मोगरा गच्च धरला होता. पांढऱ्या, घट्ट, टोकाला जरा हिरव्या. ओल्या पंच्यात घेऊन माजघरात बसलो. हार झाला, बाजूबंद झाले, कंबरपट्टा झाला. अबोलीची किनार ईश्वरीनं केली. मुकुटाला हात घातला आणि पहिला सांगाडा मोडला. दुसरा केला, तोही पिचला. बाहेर दिवे लागायला लागले, ह्यांना पहाटे पूर्ण्याहून गाडी धरायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मावशी समोर. "सावकाश, बाई. दोरा बोटाला गुंडाळ. घाई करू नको." हात मांडीवर.

मी उठले, ह्यांचा फोन घेतला आणि मुकुलरावांना लावला. त्यांना विचारणार होते की मुकुट विकतचा मिळेल का अकोल्यात. तो तुम्ही उचलला. ते मंडपवाल्याशी बोलत होते म्हणालात. वर्षभरानं तुमचा आवाज ऐकला आणि मी काय बोलायचं ते विसरले. म्हणून भलतंच बोलून गेले, की मुकुट मला जमेना, मोडतोय.

तुम्ही विचारलंत, "मग त्या काय करायल्यात?"

मी म्हटलं, "समोर बसल्यात. हात लावत नाहीत."

"का?"

"त्यांना लेकरू नाही. पहिलेपण नाही. तुमच्या मनात काटा नको म्हणतात."

  मग तुम्ही जे बोललात ते मी इथं पुन्हा लिहिते, कारण मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यात एक शब्द बदलला नाही, हे तुम्हाला कळावं. "वहिनी, नऊ वर्षं मला कुणी ओटीच्या ताटाला हात लावू दिला नाही. जावेच्या डोहाळजेवणात मला पंगत वाढायला उभं केलं होतं, तिच्या जवळ येऊ नये म्हणून. मी घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई रडली होती. माझ्या कार्यात हे नको. त्यांना सांग, मुकुट त्यांनीच करायचा."

आणि फोन बंद.

मी माजघरात आले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले होते, त्यांनीही ऐकलं. ताई, त्या जावेची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. आईंनी ती कुणाला सांगितली नव्हती. अण्णा चौकटीला धरून उभे राहिले.

मावशी उठल्या. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, पुन्हा धुतले. पदराला पुसले नाहीत, तसेच वाळू दिले. येऊन बसल्या आणि माझ्या हातातून सुई घेतली.

मी इतके दिवस शिकत होते, पण मुकुटावर त्यांचे हात चालताना बघितले नव्हते. धाट त्यांनी आधी ओठाजवळ धरून वाफेनं ओलं केलं आणि ते वाकलं. एवढं साधं होतं. मला तोंडानं सांगताना त्यांच्याच लक्षात आलं नव्हतं, म्हणाल्या, "हे हाताला माहीत हाय, मला न्हाई." कळ्या अशा बसत गेल्या की जणू तिथंच फुटल्या होत्या. ईश्वरी एकेक कळी हातात देत होती. 

मध्यावर त्या थांबल्या. "मंजूचं डोकं केवढं?"

मला सांगता येईना. हे म्हणाले, "साधारण हेमाएवढं असेल."

तेव्हा अण्णा पुढं आले. मावशींच्या समोर खाली बसले आणि दोन्ही तळवे हवेत धरले, समोरासमोर, मधे जागा सोडून. जसं एखाद्या लेकराचं डोकं धरावं. "एवढं," म्हणाले. "लहानपणी ताप आला की मी असं धरून बसायचो. कपाळ रुंद आहे. आईवर गेलं आहे." हात तसेच धरून राहिले. मावशींनी दोरा घेतला, त्यांच्या एका तळव्यापासून दुसऱ्यापर्यंत माप धरलं, वाढलेल्या वयाचं बोटभर जास्त सोडलं आणि तोडला.

त्या मापाचा मुकुट तुमच्या डोक्यावर बसला, असं हे सांगतात. दाबला नाही, सरकला नाही.

रविवारी संध्याकाळी मुकुलरावांनी फोटो पाठवला. आम्ही सगळे फोनवर वाकलो. ईश्वरीनं बोटांनी मोठा करून मुकुट दाखवला. गीताबाईही आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काय देखना झालाय." मावशींनी चष्मा लावला. मला वाटलं, त्या ओवणीत काही चूक काढतील. त्यांनी ईश्वरीला फोटो खाली सरकवायला सांगितला, आणखी खाली, आणि पायांशी थांबल्या. "पाय सुजायलेत हिचे," म्हणाल्या. "जोडवी काढायला सांग तिला. रुततील."

म्हणून ह्यांनी मुकुलरावांच्या फोनवर तो मेसेज केला होता. तुम्हाला वाटलं असेल, ह्यांना जोडव्यांचं कसं सुचलं.

आणि काल दुपारी अण्णांच्या फोनवर तुमचा फोन आला. अण्णांनी नाव बघितलं आणि लगेच उचलला. तुम्ही त्यांना काय म्हणालात ते त्यांनी मला सांगितलं, "त्या आहेत का?" एवढंच. त्यांनी फोन मावशींना दिला. मावशी ओट्यावर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मला आतून तुटक तुटक ऐकू येत होतं. "हां... हां... न्हाई, त्याला काय होतंय... लिंबू पिळून घेत जा... अगं, रडू नको."  मग पुन्हा, "हां."

तुम्ही काय विचारलंत, ते त्या सांगत नाहीत. मीही विचारलं नाही.

फोन झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि उत्तरेच्या खोलीचं कुलूप काढलं. तुमच्या लग्नाआधीची तुमची खोली. तिथं आता बियाणं, कुंड्या आणि खताची पोती असतात. सगळं एकटीनं बाहेर काढायला लागल्या, मी मदतीला गेले. फरशी धुतली, खिडकीची जाळी काढून झटकली. मी विचारलं, मावशी, कशाला? तर म्हणाल्या, "हवा खेळती ऱ्हायला पायजे खोलीत," आणि चुन्याचं डबडं मागितलं.

आज सकाळी अण्णांनी माळ्यावरून बाज काढली. आईंनी ह्यांच्या आणि तुमच्या वेळेला वापरली होती ती, बाळंतिणीची. नवार कुजून गेली होती. बन्सीधरकडून नवी आणली आणि ओट्यावर बसून विणायला घेतली आहे. त्यांना येत नाही, मधेच चुकतात, उसवतात, पुन्हा घालतात. गल्लीतले लोक जाता-येता विचारतात, "काय दिनकरराव, कोण येणार?" ते मान खाली घालून विणत राहतात, पण दार उघडंच असतं.

तुम्हाला कुणी या म्हणत नाही, कारण सगळ्यांना भीती वाटते की म्हटलं तर तुम्ही नाही म्हणाल. मला भीती वाटत नाही असं नाही. पण या घरात पत्र लिहिणारी मीच आहे.

बाजेची नवार निम्म्यावर आली आहे. या.

हेमा